आधी भाषा ठरू द्या

कॉम्प्युटर गेम तयार करण्याच्या कामात प्रोग्रामिंगच्या भाषेची निवड ही पहिली पायरी मानली जाते. बहुसंख्य गेमांच्या बाबतीत ती शेवटचीही ठरते. गेममध्ये राक्षस असावा की मोटार, तो कोणी खेळावा आणि का खेळावा, हे किरकोळ प्रश्न पुढे आपोआप सुटतील असे धरून होतकरू निर्माता सी प्लस प्लस, सी शार्प, पायथन, रस्ट अशा भाषांचा तौलनिक अभ्यास हाती घेतो. या अभ्यासाला अंत नसतो. सी प्लस प्लसची नवी आवृत्ती दर तीन वर्षांनी निघते, आणि मधल्या काळात तिला कायमची हद्दपार करण्याचा निर्धार केलेल्या आणखी दोन-तीन भाषा जन्माला येतात. अभ्यास करणाऱ्याला मात्र आपण गेमच बनवत आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते, आणि घरातही तसेच सांगितलेले असते.

अभ्यासाची रीत म्हणजे माहीतगारांना विचारत सुटणे. बहुतेक माहीतगार स्वतःला जी भाषा येते ती सर्वोत्तम असल्याचे सांगतात. उत्साही माहीतगार गेल्या महिन्यात शिकायला घेतलेली भाषा सुचवतात. क्वचित एखादा वयाने मोठा, चारपाच गेम खरोखर पूर्ण केलेला माणूस भेटतो. तो ‘ते डिपेंड करतं’ एवढेच म्हणतो आणि चहा मागवतो. उत्तर त्याचेच बरोबर असते, पण ते ऐकून कुणाचे समाधान झाल्याची नोंद नाही.

इतिहास पाहिला तर भाषेची अशी बसून, तक्ता आखून निवड केल्याचे फारसे आढळत नाही. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ लिहिला तो पीडीपी-१ या यंत्राच्या असेंब्ली भाषेत, कारण त्या यंत्राशी बोलण्याची रीतच ती होती. १९७२ सालच्या ‘पाँग’ने तर प्रश्नच उडवून लावला. अटारी कंपनीच्या अॅलन अॅल्कॉर्नने तो सुट्या लॉजिक चिपा जोडून बनवला. त्यात प्रोसेसर नव्हता, म्हणून प्रोग्राम नव्हता, म्हणून भाषाही नव्हती. ज्या खेळाने हा धंदा उभा केला तो कोणत्याही भाषेत लिहिलेला नाही. भाषांच्या वादात हे उदाहरण कुणी काढत नाही, कारण त्याने कुणाचीच बाजू भक्कम होत नाही.

विल क्रॉथर या प्रोग्रामरला गुहा धुंडाळण्याचा नाद होता. १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्याने आपल्या मुलींसाठी गुहेत भटकण्याचा एक गेम लिहिला, ‘कोलोसल केव्ह अॅडव्हेंचर’. चित्रे नाहीत, सगळा कारभार शब्दांचा. भाषा मात्र फोर्ट्रान. ती जन्मली विज्ञानातली आकडेमोड सोपी व्हावी म्हणून. अक्षरे आणि शब्द यांच्याशी तिचे कधीच फारसे सख्य नव्हते. शब्दांच्या खेळासाठी याहून गैरसोयीची निवड शोधूनही सापडली नसती. पण कामावरच्या यंत्रावर ती होती आणि क्रॉथरला ती येत होती. साहसी गेमांची पुढची सारी परंपरा या गैरसोयीतून निघाली.

गेम घराघरांत पोचले तेव्हा असेंब्लीचेच राज्य होते. या भाषेत प्रोसेसरला एकेक हुकूम द्यावा लागतो: अमुक खान्यातला आकडा उचल, त्यात एक मिळव, परत ठेव. गोळी सुटली, राक्षस मेला, गुण वाढले, ही एवढीशी घटना सांगायला पानभर हुकूम लागतात. १९७७च्या अटारी २६०० या यंत्रात रॅम होती १२८ बाइट. देवनागरीतले एक चिन्ह आजच्या प्रचलित पद्धतीने साठवायला तीन बाइट लागतात, म्हणजे हे वाक्यसुद्धा त्या यंत्राच्या स्मरणात मावले नसते. चित्र साठवून ठेवायला जागाच नसल्याने ते टीव्हीवर उमटत असताना चालत्या गाडीत रचावे लागे. पडद्यावरचा किरण एक आडवी रेघ ओढेपर्यंत प्रोसेसरच्या घड्याळाचे ७६ ठोके पडत; तेवढ्यात त्या रेघेवर कुठे काय दिसायचे ते सांगून मोकळे व्हायचे. या परिस्थितीत माणसाला भाषेबद्दल मते असायला सवडच मिळत नाही.

मर्यादेतून कधीकधी खेळच निघे. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादोला असे दिसले की पडद्यावर शत्रू जास्त असले की प्रोसेसर धापा टाकतो, आणि एकेक शत्रू मरू लागला की उरलेले आपोआप वेगाने पळू लागतात. त्याने हा दोष दुरुस्त केला नाही. शेवटचा शत्रू सुसाट धावत अंगावर येतो हीच त्या खेळातली गंमत ठरली. आजच्या पद्धतीप्रमाणे त्याच्यावर एक तक्रार नोंदली गेली असती आणि दुसऱ्या आठवड्यात ‘फिक्स्ड’ असा शेरा पडून खेळ बेचव झाला असता.

असेंब्लीच्या कथेतले शेवटचे आणि सर्वांत जास्त वेळा सांगितले जाणारे नाव म्हणजे ख्रिस सॉयर. १९९९ साली, बाकीचे जग सी आणि सी प्लस प्लसकडे गेलेले असताना, या ब्रिटिश गृहस्थाने ‘रोलरकोस्टर टायकून’ हा आख्खा गेम जवळजवळ एकट्याने असेंब्लीत लिहिला. विंडोजशी बोलण्यापुरता थोडासा भाग फक्त सीमध्ये. पाळणे, रुळ, शेकडो पाहुणे, त्यांची भूक, त्यांची मळमळ आणि त्यांनी टाकलेला कचरा, सगळे हुकमाहुकमाने. हे ऐकून दरवर्षी काही तरुण असेंब्ली शिकायला घेतात. सॉयर १९८०च्या दशकापासून असेंब्लीच लिहीत आला होता आणि त्याच्या दृष्टीने ही सर्वांत कमी कटकटीची वाट होती, हा तपशील त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा उत्साह मावळलेला असतो.

सी भाषेने असेंब्लीची हुकमत मोडली. १९९३चा ‘डूम’ जॉन कारमॅक आणि मंडळींनी मुख्यतः सीमध्ये लिहिला. अगदी घाईचे तुकडे तेवढे असेंब्लीत. सीचा फायदा असा की एकदा लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर थोड्या डागडुजीने चालतो. १९९७ साली ‘डूम’चा सोर्स कोड खुला झाला आणि हा फायदा जगाने फारच मनावर घेतला. तेव्हापासून तो गेम कॅल्क्युलेटरवर, कॅमेऱ्यावर, प्रिंटरवर चालवून दाखवण्याचा परिपाठ पडला आहे. कागद अडकला की मान टाकणाऱ्या प्रिंटरवर राक्षस व्यवस्थित फिरतात, हे सीच्या गुणवत्तेचे प्रमाण मानायचे की प्रिंटरवाल्यांच्या प्राधान्यक्रमाचे, यावर मतभेद आहेत.

यापुढे सी प्लस प्लस. मोठ्या गेमांच्या धंद्यात आजही थोरली पाती तीच, आणि त्याचे कारण वेग. गेम म्हणजे एका सेकंदात ६० चित्रे. प्रत्येक चित्राच्या वाट्याला १६ मिलिसेकंद आणि थोडे वर येतात. तेवढ्यात खेळाडूने काय दाबले ते पाहणे, शत्रूंची अक्कल चालवणे, कोण कुणावर आदळले ते मोजणे आणि शेवटी चित्र काढणे, हे सगळे उरकायचे असते. बँकेचा प्रोग्राम अर्धा सेकंद थबकला तर ग्राहकाला काही वाटत नाही, त्याला सवय असते. गेम अर्धा सेकंद थबकला तर खेळणारा मरतो आणि मग सगळ्यांना शिव्या घालतो. सी प्लस प्लसमध्ये मेमरी कधी घ्यायची आणि कधी परत करायची हे प्रोग्रामरच्या हातात असते. परत करायला तो विसरतो ही गोष्ट वेगळी. शिवाय सोनी, निन्तेन्दो, मायक्रोसॉफ्ट यांच्या गेमयंत्रांसाठी मिळणारी अधिकृत साधने कराराने आणि गुप्ततेच्या अटींवर मिळतात, आणि त्यांच्याशी बोलायला सी प्लस प्लस लागते. तिथे आवडीनिवडीचा विषय संपतो.

१९८५ साली बाजारात आलेल्या या भाषेत दर आवृत्तीला भर पडते आणि जुने सहसा काही काढले जात नाही. पूर्ण सी प्लस प्लस येणारा माणूस शोधण्यात अर्थ नाही. गेम कंपन्यांमध्ये ती वापरण्याची पहिली अट म्हणजे तिच्यातले बरेचसे न वापरणे. एक्सेप्शन नावाची चूक हाताळण्याची सोय अनेक स्टुडिओंत बंद ठेवलेली असते. सोबत मिळणारी स्टँडर्ड लायब्ररी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीला आपल्या कामासाठी पुरेशी वाटली नाही, म्हणून तिने स्वतःची वेगळी लिहिली. चूक झाली की ही भाषा जो खुलासा देते तो काही वेळा मूळ प्रोग्रामपेक्षा लांब असतो. एका फाइलच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला तर तक्रार दुसऱ्याच फाइलबद्दल येते, आणि त्या निरपराध फाइलची तपासणी करण्यात दुपार जाते.

महाराष्ट्रात या भाषेची ओळख अनेकांना वेगळ्याच वाटेने झाली. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये आणि नंतर डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला बरीच वर्षे टर्बो सी प्लस प्लसची निळी स्क्रीन हेच प्रोग्रामिंगचे दर्शन होते. बोरलँड कंपनीचे हे साधन १९९०चे, डॉसच्या काळातले. नव्या विंडोजवर ते चालेना तेव्हा अभ्यासक्रम बदलण्याऐवजी डॉसचा आभास निर्माण करणारा वेगळा प्रोग्राम टाकून ते चालवण्यात आले. त्यात ‘ग्राफिक्स डॉट एच’ नावाची फाइल जोडली की पडद्यावर वर्तुळे आणि रेघा काढता येत, आणि दोन वर्तुळांवर एक चौकोन ठेवून डावीकडून उजवीकडे जाणारी मोटार हा मिनी प्रोजेक्ट तयार होई. जास्त हुशार गटाचा प्रोजेक्ट म्हणजे साप. तो फळ खात वाढे, भिंतीवर आपटे, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर हटकून सुरूच होत नसे, कारण ग्राफिक्सला लागणाऱ्या बीजीआय फायलींचा पत्ता प्रयोगशाळेतल्या त्या मशीनवर वेगळा असे. गेम उद्योगाची ही संपूर्ण तयारी होती: अनोळखी यंत्र, जुने साधन, सबमिशनची तारीख आणि ‘माझ्या पीसीवर चालत होतं, सर’.

मेमरी परत करण्याचे काम माणसाला जमत नाही असे मान्य करून काही भाषांनी ते स्वतःकडे घेतले. १९९५ची जावा आणि तिच्यामागून आलेली सी शार्प या त्यातल्या प्रमुख. त्यांच्यात गार्बेज कलेक्टर असतो. वापरून झालेल्या वस्तू प्रोग्रामने तशाच टाकून द्यायच्या. कलेक्टर सवडीने येतो आणि उचलून नेतो. हा प्रकार सकाळच्या घंटागाडीसारखा आहे. कचरा जातो हे खरे, पण गाडी गल्लीत उभी असेपर्यंत मागची सगळी वाहतूक थांबते, आणि ती नेमकी घाईच्या वेळीच येते. गेममध्ये ही वेळ म्हणजे शेवटच्या राक्षसाशी लढाई जुंपलेली असणे. त्यामुळे गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषेत गेम लिहिणारे अनुभवी लोक पुढे कचराच करायचा नाही असे ठरवतात. लागणाऱ्या गोळ्या, बाण आणि ठिणग्या सुरुवातीलाच बनवून ठेवायच्या आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरायच्या. म्हणजे मेमरीची काळजी घ्यावी लागू नये म्हणून निवडलेल्या भाषेत मेमरीचीच काळजी घेत बसायचे, फक्त जरा आडवळणाने.

जावा गेमसाठी नालायक आहे, हे जाणकारांनी एकमुखाने ठरवून झाले होते. २००९ साली मार्कुस पर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने ‘माइनक्राफ्ट’ जावातच लिहायला घेतला. तो आधीपासून जावात काम करत होता. चार किलोबाइटांत जावाचा गेम बसवण्याच्या स्पर्धांतही उतरला होता. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. सगळ्या आवृत्त्या मिळून या गेमच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. मधल्या काळात मोबाइल आणि गेमयंत्रांसाठी तो सी प्लस प्लसमध्ये निराळा लिहून काढण्यात आला. जाणकारांनी यावर ‘आम्ही सांगत होतोच’ असे म्हटले. जावाची आवृत्ती तरीही बंद झाली नाही. फेरफार करून खेळणाऱ्यांचा मोठा गोतावळा तिलाच धरून आहे. जावा गेमसाठी योग्य आहे असे यावरून सिद्ध होत नाही. माणसे ठोकळ्यांसाठी थोडे थबकणे सहन करतात, एवढेच सिद्ध होते.

सी शार्पचे घोडे मात्र जोरात पळाले. एरिक बरोनने चारेक वर्षे एकट्याने खपून २०१६ साली आणलेला ‘स्टार्ड्यू व्हॅली’ सी शार्पमध्ये आहे. त्याआधीचा ‘टेरारिया’ आणि नंतरचा ‘सेलेस्ट’ही. या सगळ्यांचे मूळ एक्सएनए नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात. मायक्रोसॉफ्टने ते २०१३च्या सुमारास सोडून दिले. मग बाहेरच्या स्वयंसेवकांनी तसेच दुसरे साधन फुकट उभे केले आणि गेम चालू राहिले. इथे अभ्यासकाने एक गोष्ट टिपून ठेवावी: भाषा जगते की मरते यापेक्षा तिच्या भोवतीचे साधन कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न जास्त रात्री जागवतो.

अॅडोबीच्या फ्लॅशचे उदाहरण याहून ठसठशीत आहे. ब्राउझरमधले गेम एके काळी बहुतांशी फ्लॅशमध्ये, त्याच्या अॅक्शनस्क्रिप्ट या भाषेत बनत. फेसबुकवरची शेती, म्हणजे ‘फार्मव्हिल’, याच जमिनीवर पिकली. २०१० साली स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅशला दार बंद का, ते सांगितले, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा अधिकृत शेवट झाला. शेताचा मूळ खेळही त्याच दिवशी बंद पडला. भाषेत दोष निघाला म्हणून नव्हे. जमीन दुसऱ्याची होती.

आता बहुतेक लोक भाषा निवडतच नाहीत, इंजिन निवडतात. इंजिन म्हणजे चित्र, आवाज, टक्कर, गुरुत्वाकर्षण असे सगळे तयार मिळणारे सामान. भाषा त्याच्याबरोबर येते. युनिटी घेतले तर सी शार्प. युनिटीत पूर्वी जावास्क्रिप्टसारखी एक भाषा होती आणि बू नावाची आणखी एक. बू वापरणारे इतके थोडे होते की ती काढल्यावर ओरड झालीच नाही. इंजिनाचा स्वतःचा गाभा सी प्लस प्लसमध्येच आहे, आणि गरज पडेल तिथे युनिटी खेळाचे सी शार्पसुद्धा गुपचूप सी प्लस प्लसमध्ये बदलून घेते. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी कंपनीने गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल त्या हिशेबाने आकार घेण्याची योजना जाहीर केली. एका रात्रीत भाषेच्या गुणदोषांची चर्चा थांबली आणि करारातल्या बारीक अक्षरांची सुरू झाली. अर्जेंटिनातून आलेल्या गोडो या फुकट आणि खुल्या इंजिनाकडे माणसांची रीघ लागली. वर्षभराने योजना मागे घेण्यात आली, पण गोडोसोबत येणारी जीडीस्क्रिप्ट ही पायथनसारख्या तोंडवळ्याची भाषा तोपर्यंत बऱ्याच जणांनी शिकून घेतली होती. तिच्या व्याकरणाची तारीफ त्यानंतर सुचली.

अनरियल इंजिनात सी प्लस प्लस आहे, आणि ज्यांना ती नको त्यांच्यासाठी ब्लूप्रिंट. ब्लूप्रिंटमध्ये लिहायचे काही नाही. चौकटी मांडायच्या आणि त्या तारांनी जोडायच्या. दार उघडण्यासाठी चार चौकटी पुरतात. गेम वाढत गेला की तारांखाली चौकटी दिसेनाशा होतात, आणि मग लिहिलेला कोड वाचायला किती सोपा असतो याचा नव्याने साक्षात्कार होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी’ हा गेम अनरियल इंजिनावरच केला. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी २०२० साली गेम बाजारात आला. भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी महाल, पहाडी चित्रशैलीची छाया, याबद्दल परीक्षणांत भरभरून लिहिले गेले. तो कोणत्या भाषेत लिहिला, हे विचारणारे त्यातही असतील. पण ते खेळण्यापेक्षा शिकण्याच्या रांगेतले.

मोठ्या गेममध्ये खरे तर एक भाषा नसतेच. खाली घाम गाळणारी सी प्लस प्लस, आणि वर खेळाचे नियम सांगणारी हलकी स्क्रिप्टची भाषा, अशी वाटणी असते. या वरच्या जागेवर लुआने ठाण मांडले आहे. ब्राझीलमधल्या रिओच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली ही भाषा पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या कामासाठी घडली. तेलाच्या हिशेबातून ती ‘ग्रिम फांडांगो’, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’, ‘अँग्री बर्ड्स’, रोब्लॉक्स अशी कुठेही गेली. २०२४चा ‘बालाट्रो’ हा पत्त्यांचा गेम तर पूर्णपणे लुआत आहे. लुआवरचा सर्वांत मोठा आक्षेप असा की तिच्यात यादीतली पहिली वस्तू क्रमांक एकवर असते. सर्वसामान्य माणसाला यात काही खटकत नाही. प्रोग्रामर मात्र शून्यापासून मोजतो, आणि जगाने एकापासून मोजावे हा त्याला व्यक्तिगत अपमान वाटतो. या एका मुद्द्यावर लुआ नाकारून तिच्यापेक्षा दहापट अवघड भाषा पत्करणारे लोक आहेत.

पायथनची कथाही अशीच. पायथन गेमसाठी फार हळू, हे वाक्य जो तो ऐकवतो. तिकडे आइसलँडमध्ये २००३ पासून चालू असलेला ‘इव्ह ऑनलाइन’ हा हजारो खेळाडूंचा अंतराळातला व्यापार आणि लढायांचा पसारा पायथनच्याच एका अवतारावर उभा आहे. लढाई फारच मोठी झाली की तिथे कंपनी खेळातल्या काळाची गतीच कमी करते, म्हणजे सर्व्हरला दम खायला वेळ मिळतो. भाषा हळू आहे तर काळच हळू करावा, हा उपाय कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

भाषा वेगवान असली म्हणजे गेम वेगवान होतो, या समजुतीची परीक्षा २०२१ साली झाली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ सुरू व्हायला काहींच्या कॉम्प्युटरवर सहा-सहा मिनिटे लागत. गेम सी प्लस प्लसचा, कंपनी मातब्बर. शेवटी एका खेळाडूनेच कंटाळून आत डोकावून पाहिले. दुकानातल्या वस्तूंची सुमारे दहा मेगाबाइटांची यादी वाचताना प्रोग्राम प्रत्येक शब्दानंतर उरलेल्या मजकुराची लांबी पहिल्यापासून पुन्हा मोजत होता. खेळाडूने केलेल्या दुरुस्तीने वेळ जवळजवळ सत्तर टक्क्यांनी उतरला. कंपनीने त्याला दहा हजार डॉलर दिले आणि दुरुस्ती स्वीकारली. जगातल्या अत्यंत वेगवान भाषेत तोच आकडा अत्यंत वेगाने हजारो वेळा मोजला जात होता.

याच्या उलट बाजूला सहा ‘व्ही’ ओळीने लिहून ज्याचे नाव होते तो २०१०चा गेम. टेरी कॅव्हनाने तो फ्लॅशमध्ये केला, नंतर तो सी प्लस प्लसमध्ये आला, आणि दहाव्या वर्षी कोड खुला झाला. आत पाहतात तो गेमच्या सगळ्या घडामोडी एकाच अगडबंब स्विच विधानात कोंबलेल्या, शेकडो केस, नावे नाहीत, नुसते क्रमांक. ‘सेलेस्ट’च्या कर्त्यांनी नायिकेच्या हालचालींची जी फाइल दाखवली ती एकटीच पाच हजार ओळींच्या वर होती. हे कोड पाहून शिस्तप्रिय प्रोग्रामरांनी कपाळाला हात लावले. दोन्ही गेम खेळायला लोण्यासारखे आहेत.

शिस्तीची खरी हौस असेल तर रस्ट. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या या भाषेत मेमरीच्या प्रत्येक तुकड्याचा मालक कोण, आणि तो सध्या कोणी उसना घेतला आहे, हे कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन, प्रोग्राम चालण्याआधीच तपासतो. एका वेळी बदल करण्याचा हक्क एकालाच. गेममध्ये नायकाचे लक्ष शत्रूवर असते, शत्रूचे नायकावर, बाणाचे दोघांवर, आणि सगळ्यांना एकमेकांत बदल करायचा असतो. रस्टला हा व्यवहार मान्य नाही. मग सगळ्या पात्रांची मांडणी नव्याने करायची, त्यासाठी आधी एक चांगले इंजिन लिहायचे, आणि ते लिहिता लिहिता गेमचे राहून जायचे. रस्टमध्ये गेमपेक्षा इंजिने जास्त, हा विनोद रस्टवालेच सांगतात.

कोणतीच भाषा पसंत न पडल्यास स्वतःची करणे हा शेवटचा टप्पा. नॉटी डॉग कंपनीच्या अँडी गॅव्हिनने ‘क्रॅश बँडिकूट’साठी लिस्पच्या वळणाची भाषा रचली आणि २००१च्या ‘जॅक अँड डॅक्स्टर’साठी तिच्याहून मोठी. गेम गाजले. अडचण एवढीच की नोकरीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती शिकवावी लागे, आणि तिचा कंपायलर मुळापासून जाणणारा माणूस एकच. पुढच्या पिढीच्या यंत्रांसाठी कंपनी सी प्लस प्लसकडे गेली. ‘ब्रेड’ आणि ‘द विटनेस’चा कर्ता जोनाथन ब्लो याने सी प्लस प्लसला कंटाळून गेमसाठी नव्या भाषेची कल्पना २०१४ साली जाहीर व्याख्यानात मांडली. भाषा झाली, तिचा कंपायलर कमालीचा वेगवान असल्याचे वापरणारे सांगतात; मात्र ती निवडक लोकांच्याच हाती देण्यात आली आणि सर्वांसाठी खुली व्हायला दहा वर्षेही पुरली नाहीत.

अनरियल इंजिन बनवणाऱ्या एपिक गेम्सने हा फेरा पूर्ण केला आहे. १९९८च्या ‘अनरियल’सोबत अनरियलस्क्रिप्ट ही तिची खास भाषा आली आणि पंधरा-सोळा वर्षे नांदली. २०१४ साली अनरियल इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. इंजिन एका भाषेत आणि खेळ दुसऱ्या भाषेत ही दुकानदारी नको, सगळ्यांनी सी प्लस प्लस लिहावे, असा विचार. २०२३ साली त्याच कंपनीने व्हर्स नावाची नवी भाषा ‘फोर्टनाइट’च्या निर्मात्यांना दिली. हॅस्केल या भाषेच्या शिल्पकारांपैकी सायमन पेटन जोन्स यांच्यासारखे विद्वान त्यासाठी बोलावले होते. व्हर्समध्ये अट खरी की खोटी असे पाहत नाहीत. काम साधले की फसले हे पाहतात, आणि फसले तर तोवर केलेले सगळे बदल भाषा आपणहून मागे घेते. सोय उत्तम आहे. अनरियलस्क्रिप्ट शिकण्यात गेलेल्या वर्षांना ती लागू नाही.